मेंदू वाचवणारे औषध आणि त्याची परीक्षा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भागात कुणाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर "त्याच्या अंगावरून वारे गेले" असे म्हणतात. कुणी लकवा म्हणतात, शिकलेले लोक पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात. हे शब्द जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. वारे, वायू, अर्धे अंग, पक्ष म्हणजे बाजू, असे सगळे काही या शब्दांत आहे. नाही तो फक्त मेंदू. आणि आजार तर सगळा मेंदूतलाच! लुळ्या पडलेल्या हाताला काहीएक झालेले नसते. त्याचे हाड, स्नायू, कातडी सारे शाबूत असते. 'ऊठ' म्हणून हाताला सांगणारा मेंदूतला भाग तेवढा मुका झालेला असतो. इंग्रजांचेही याबाबतीत फारसे बरे नाही. त्यांचा 'स्ट्रोक' म्हणजे नुसता तडाखा. तो कुठे बसला हे त्यांच्याही शब्दात नाही.

शब्दांचा हा प्रश्न केवळ भाषेच्या तासापुरता नाही. हात गेला असे एकदा मानले, की माणूस हाताला तेल चोळतो, शेक देतो, कुठे पारव्याचे रक्त लावतो. आणि तिकडे मेंदूत जे चालले आहे ते तसेच चालू राहते.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने औषधावर लेख का लिहावा, असे कुणी विचारील. त्याचे कारण माझे थोरले चुलते. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी आषाढात, पहाटे सहाच्या सुमारास चहाची कपबशी त्यांच्या उजव्या हातातून निसटली आणि बोलणे जड झाले. मी तेव्हा वसतिगृहात होतो. गावात चोळणे झाले, शेजारच्या वाडीवरचा वैदू झाला, मग पाऊस आणि ओढ्याला पाणी. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात ते पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना एकच वाक्य सांगितले, "गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ काल सकाळी साडेदहालाच संपली." वडिलांना त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी ते मला जसेच्या तसे सांगितले, आणि मलाही लागला नाही. औषधाला वेळ असते ती जेवणाआधी की जेवणानंतर एवढीच, असे आपण समजतो. साडेदहाला संपणारे औषध कोणते?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे असले प्रश्न आपोआप माझ्याकडे येतात. मानसशास्त्र हा माझा विषय असल्याने मेंदूची थोडी तोंडओळख झालेली होती. तेवढ्या शिदोरीवर, इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवून, मी मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका प्रतिजैविकाच्या गोष्टीपाशी येऊन अडकलो. तीच या लेखात सांगायची आहे.

आधी साडेदहाचे कोडे सोडवू. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा खाणारा. त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. हातावर पोट असलेल्या माणसासारखे त्याचे असते. पक्षाघाताच्या बहुतेक प्रसंगी रक्ताची गुठळी मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचा पुरवठा बंद पडतो. (उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलट, म्हणून आधी मेंदूचा सी. टी. स्कॅन काढावाच लागतो.) मोठी रक्तवाहिनी तुंबली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली मांडला.

पण सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. पाट फुटला की टोकाचे वाफे आधी वाळतात, आणि कडेचे वाफे, शेजारच्या पाटातून झिरपणाऱ्या ओलीवर, काही काळ तग धरतात. मेंदूतही तसेच होते. मधला भाग काही मिनिटांत जातो. त्याच्या भोवतालचा पट्टा अर्धमेला होऊन राहतो. तो काम करीत नाही, पण मेलेलाही नसतो. डॉक्टरांची सारी धडपड या अर्धमेल्या पट्ट्यासाठी असते. अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिले तर उपयोगी पडते, हे अमेरिकेतील चाचणीने १९९५ साली दाखवले. २००८ साली युरोपातील चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. सहा अधिक साडेचार, साडेदहा. त्यानंतर पट्ट्यात वाचवण्याजोगे फारसे उरत नाही आणि उलट मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. २०१५ पासून मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपायही सिद्ध झालेला आहे, आणि निवडक रोग्यांत तो चोवीस तासांपर्यंत करता येतो. पण त्याला लागणारी यंत्रे आणि माणसे मोठ्या शहरांतच.

आता गोष्टीचा दुसरा भाग. अर्धमेल्या पट्ट्याला उपासमारीने जेवढे मारले जाते, तेवढ्यावर ते थांबत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. एरवी त्या शांतपणे फिरत्या पहाऱ्यावर असतात. कुठे इजा झाली की त्या फुगतात, धावून येतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. आमच्या गावात एकदा कडब्याच्या गंजीला आग लागली, तेव्हा ती पसरू नये म्हणून लोकांनी शेजारचे छप्पर ओढून पाडले. आग त्या बाजूला आलीच नाही. छप्पर मात्र गेले. मायक्रोग्लियांचे पुष्कळदा असेच होते. त्या मेलेल्या पेशी साफ करतात हे खरे, पण त्या घाईत वाचू शकणाऱ्या पेशीही जातात. त्यातच काही विकरे रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडतात आणि मेंदूला सूज येते. हे सारे तासांनी नव्हे, तर दिवसांनी मोजावे इतका काळ चालते.

म्हणूनच शास्त्रज्ञांच्या मनात आले, की गुठळी विरघळवता आली नाही तरी हा नंतरचा दंगा आवरता येईल का? असे औषध मिळाले तर साडेदहाची मुदत उलटून गेलेल्यांनाही काही आशा राहील. मला या विषयाची ओढ लागली ती इथे. आमच्यासारख्या गावांतला रोगी साडेचार तासांत क्वचितच पोचतो.

असली मेंदूरक्षक औषधे शोधण्याचा इतिहास मात्र उत्साह घालवणारा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ साली एक मोजदाद प्रसिद्ध केली. पक्षाघातावर प्रयोगशाळेत तपासलेले उपाय १,०२६. त्यांपैकी माणसांवर चाचणीपर्यंत पोचले ११४. बरीचशी उंदरांत चमत्कार करीत आणि माणसांत काहीच करीत नसत. एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची कथा तर फारच बोलकी आहे. पहिल्या मोठ्या चाचणीत, २००६ साली, ते थोडेसे उपयोगी ठरले आणि सगळीकडे आनंद झाला. दुसऱ्या चाचणीत तीन हजारांहून अधिक रोगी घेतले, २००७ साली निकाल लागला आणि फायदा शून्य निघाला.

या रांगेत मिनोसायक्लिन नावाचे एक जुने प्रतिजैविक येऊन उभे राहिले. त्याचे कुळ पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाचे सॅनबोर्न फील्ड नावाचे प्रयोगाचे शेत आहे. त्या शेतातल्या मातीत बेंजामिन डग्गर या वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाला एक सोनेरी सूक्ष्मजीव सापडला, आणि त्यापासून १९४८ साली ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातले पहिले प्रतिजैविक जगापुढे आले. हे काम लेडर्ले प्रयोगशाळेत झाले, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या माणसावर आपल्या क्रमिक पुस्तकांत एखादा धडा असायला हरकत नव्हती. असो. त्याच लेडर्लेच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात टेट्रासायक्लिनच्या रेणूत फेरफार करून मिनोसायक्लिन बनवले, आणि १९७१ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी ते आजही दिले जाते. कुष्ठरोगाचा एकच चट्टा असलेल्यांना तीन औषधांचा एकदाच द्यायचा जो डोस ठरवला गेला, त्यांतलेही एक हेच.

मुरुमांच्या औषधाचा मेंदूशी संबंध काय? दोन गोष्टी जमून आल्या. एक म्हणजे ते चरबीत सहज विरघळते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती एक कडक चौकी असते, पुष्कळशी औषधे ती आत सोडत नाही. मिनोसायक्लिन ती ओलांडते. दुसरे म्हणजे जंतू मारण्याखेरीज दाह शमवण्याचा आणखी एक गुण त्याच्यात आहे. फिनलंडमधील कुओपिओ येथील यारी कोइस्तिनाहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडल्यावर मिनोसायक्लिन दिलेल्या जर्बिलांत मायक्रोग्लिया कमी खवळल्या आणि जास्त मज्जापेशी वाचल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी उंदरांची रक्तवाहिनी बंद करून पाहिले. औषध चार तास उशिरा सुरू केले, तरीही मेंदूच्या वरच्या थरातला मेलेला भाग सरासरी ६३ टक्क्यांनी लहान राहिला.

६३ टक्के! शिवाय औषध स्वस्त, तोंडाने घेता येणारे, पन्नासहून अधिक वर्षांच्या वापराचे. आमच्या वसतिगृहाच्या खाणावळीत मी हे सांगितले तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न केला, "मग देऊन का टाकत नाहीत? बिघडले तर काय बिघडेल?"

प्रश्न रास्त आहे. माझ्या मनातही तोच होता. याचे उत्तर शोधताना मला जे कळले ते एका औषधापुरते नाही.

पहिली गोष्ट अशी की उंदीर म्हणजे आबा नव्हेत. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी, एकाच वाणाचा, एकाच खुराकावरचा असतो. त्याची रक्तवाहिनी कोणत्या मिनिटाला बंद झाली हे संशोधकाला ठाऊक असते, कारण ती त्यानेच बंद केलेली असते. वजनाच्या मानाने त्याला औषधही माणसाच्या कितीतरी पट दिलेले असते. माणूस येतो तो साठीचा, रक्तदाब असलेला, चाळीस वर्षे तंबाखू मळलेला, आणि वारे नेमके केव्हा गेले हे विचारावे तर घरातली चार माणसे चार वेळा सांगतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पक्षाघाताचा रोगी पुष्कळदा काही न करताही थोडाफार सुधारतो. मेंदूची सूज उतरते, अर्धमेल्या पेशी काही जाग्या होतात, शेजारचा भाग काम शिकतो. आमच्या वैदूची ख्याती यावरच उभी आहे. त्याने चोळले, आणि महिन्याने हात हलला. म्हणजे चोळल्याने हलला! आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात तो हाच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. पण तर्काचा हा दोष केवळ वैदूला लागतो असे नाही. मिनोसायक्लिन दिलेला रोगी सुधारला एवढेच सांगणारा डॉक्टरही त्याच फांदीवर बसलेला असतो. विचारायचे ते असे, की औषध दिले नसते तर हाच रोगी किती सुधारला असता? आणि एका माणसाच्या बाबतीत हे कुणालाही कळणे शक्य नाही. तो एकाच वेळी औषध घेतलेला आणि न घेतलेला असू शकत नाही.

म्हणून दोन गट करायचे. मानसशास्त्राच्या तासाला आपण प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट शिकतो, तेच हे. कोण कोणत्या गटात जाणार ते डॉक्टरांनी ठरवायचे नाही, नाहीतर नकळत बरी वाटणारी माणसे औषधाच्या बाजूला जातात. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोडायचे. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल द्यायची. शेवटी तपासणाऱ्यालाही कोण कोणत्या गटातला हे कळू द्यायचे नाही. तपासणीलाही एक ठरलेले कोष्टक असते. हात समोर धरून दहा सेकंद टिकतो का, पाय पाच सेकंद टिकतो का, चेहरा वाकडा होतो का, बोलणे समजते का, असे पाहून ० ते ४२ असे गुण देतात. इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. आपल्या परीक्षेच्या उलट.

अशी पहिली परीक्षा इस्रायलमध्ये झाली आणि २००७ साली तिचा निकाल आला. दीडशेच्या आसपास रोगी. पक्षाघातानंतर सहा ते चोवीस तासांच्या दरम्यान सुरुवात, रोज २०० मिलिग्रॅम, पाच दिवस. सुरुवातीला दोन्ही गट जवळपास सारखे, साडेसातच्या आसपास गुण असलेले. नव्वद दिवसांनी औषधाच्या गटाचे सरासरी गुण १.६, दुसऱ्या गटाचे ६.५. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला रात्री झोप आली नाही. चोवीस तास! पण दुसऱ्यांदा वाचताना दोन शंका आल्या. औषध देणाऱ्यांना कोणाला काय मिळते आहे हे ठाऊक होते. तपासणाऱ्यांना तेवढे नव्हते. आणि औषध न मिळालेला गट तीन महिन्यांत जेमतेम एका गुणाने सुधारला. काही न करताही माणसे सुधारतात असे आत्ताच म्हटले; मग हाच गट एवढा मागे का राहिला? फरक मोठा दिसतो तो औषधाचा गट पुढे गेल्यामुळे की दुसरा मागे राहिल्यामुळे, असे माझ्यासारख्या नवशिक्यालाही वाटून गेले.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही अशी चाचणी झाली. तिचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. रोगी पन्नास, २३ जणांना मिनोसायक्लिन, २७ जणांना ब जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल. निकाल पुन्हा औषधाच्या बाजूने. अमेरिकेत साठ रोग्यांना शिरेतून वाढत्या मात्रेत औषध देऊन ते कितपत सोसते एवढेच पाहिले; वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत सोसले, असे २०१० साली नोंदवले गेले. यापुढे ऑस्ट्रेलियातील पर्थची चाचणी आली, २०१३ साली. ९५ रोगी, चोवीस तासांच्या आत, शिरेतून, बारा-बारा तासांनी पाच मात्रा. दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक नाही.

आता काय म्हणावे? इस्रायल आणि दिल्ली हो म्हणतात, पर्थ नाही म्हणते. कुणी खोटे बोलत नाही. पन्नास किंवा पंचाण्णव माणसांत दैवाचा हात इतका मोठा असतो, की चारपाच जास्त आजारी माणसे एका बाजूला गेली तरी पारडे झुकते. नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा पडू शकतो. हजार वेळा उडवले तर सातशे वेळा पडत नाही. हे आपल्याला संख्याशास्त्रात सांगतात, तेव्हा ते रुक्ष वाटते. इथे त्या छाप्या-काट्याच्या पलीकडे कुणाचा उजवा हात असतो.

"बिघडले तर काय बिघडेल?" या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वेगळ्याच रोगाने दिले. ए. एल. एस. म्हणून एक असाध्य व्याधी आहे. हालचालींच्या मज्जापेशी मरत जातात आणि माणूस हळूहळू संपूर्ण दुर्बल होतो. तिथेही उंदरांमध्ये मिनोसायक्लिनने चांगला गुण दाखवला होता. ४१२ रोग्यांवर काटेकोर चाचणी झाली आणि २००७ साली निकाल लागला. औषध घेतलेल्यांची प्रकृती न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने ढासळली होती. तेच औषध, तोच मेंदूरक्षक म्हणून गाजलेला गुण, आणि परिणाम उलटा! ही चाचणी झाली नसती आणि डॉक्टरांनी दयेपोटी, स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे म्हणून सर्वांना औषध दिले असते, तर रोगी लवकर खालावले असते आणि ते औषधामुळे हे कधीच कुणाला कळले नसते. रोगच तसा, असे सारे म्हणाले असते.

म्हणून हा लेख वाचून कुणी औषधाच्या दुकानात जाऊ नये, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्याला आणखी एक साधे कारण आहे. पक्षाघातात घशाचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. अशा माणसाच्या तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घातले तर ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. तोंड वाकडे झाले, एक हात खाली घसरला, बोलणे अडखळले, यांपैकी काहीही दिसले तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि सी. टी. स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे. 'शेवटचा धडधाकट केव्हा पाहिला?' हा तिथला पहिला प्रश्न असतो.

मिनोसायक्लिनचा विषय पर्थला संपला नाही. चीनमध्ये 'एम्फसिस' नावाची जी चाचणी हाती घेतली गेली, तिची आखणीच १,७२४ रोग्यांची होती. पक्षाघात होऊन ७२ तासांच्या आतले रोगी, तोंडाने कॅप्सूल, अर्ध्या लोकांना औषध नसलेली, आणि नव्वद दिवसांनी एकच पाहायचे: माणूस आपले रोजचे व्यवहार आधीसारखे करू लागला की नाही. एवढी माणसे लागतात कारण आता कुणी उंदरातल्या ६३ टक्क्यांची अपेक्षा धरत नाही. शंभरांमागे चार-सहा माणसे जरी अधिक उभी राहिली तरी पुष्कळ झाले, आणि एवढा बारीक फरक पन्नास माणसांत दिसूच शकत नाही. आपल्या देशात पक्षाघाताचे रोगी काय थोडे आहेत? चाचणी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतच झाली, तर उशिरा पोचणाऱ्या खेड्यातल्या माणसाला ते औषध लागू पडते की नाही, हे कधी कळायचे? अशा चाचण्या आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी व्हाव्यात असे मला वाटते.

पण तिथे एक अडचण आहे, आणि तिचा विचार शास्त्रशाखेपेक्षा आपण कलाशाखेच्या लोकांनी करायला हवा. चाचणीत घेण्याआधी रोग्याची संमती लागते. पक्षाघाताच्या रोग्याची वाचाच गेलेली असेल तर त्याच्या वतीने नातेवाइकाने संमती द्यायची. तीही लगेच, कारण घड्याळ चालू आहे. आपल्याकडे २००९ पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. संमतीचा कागद रोग्याला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. वाचता न येणाऱ्या माणसासमोर तो वाचून दाखवताना तटस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. नियम चांगले आहेत. प्रश्न आहे तो 'समजणाऱ्या भाषेत' या दोन शब्दांचा.

'यादृच्छिक पद्धतीने विभागणी' हे मराठीच आहे. 'तुलनात्मक निरौषधी गट' हेही मराठीच. माझ्या वडिलांपुढे हे वाचले तर ते मान हलवतील आणि अंगठा देतील, कारण पांढऱ्या कोटातल्या माणसापुढे मान हलवायची असते एवढे त्यांना माहीत आहे. ती संमती नव्हे. दुसऱ्या घरी याच्या उलट होईल. 'प्रयोग' हा शब्द कानी पडताच माणसे रोग्याला उचलून घरी नेतील.

मी घरी बसून तो कागद माझ्यापुरता लिहून पाहिला. प्रथम दोन पाने झाली. मग आईला वाचून दाखवत, जिथे तिने "म्हणजे?" विचारले तिथे खोडत गेलो. 'मेंदूरक्षक' शब्द पहिल्याच वाचनात गेला, 'नियंत्रित गट' दुसऱ्या. शेवटी उरले ते असे:

"तुमच्या माणसाच्या मेंदूतली रक्ताची वाट तुंबली आहे. त्यावर जे उपचार आहेत ते आम्ही करतोच आहोत, ते थांबणार नाहीत. त्याशिवाय एक जुने औषध आहे. त्याने मेंदूचे नुकसान कमी होते का, हे आम्हांला अजून ठाऊक नाही. ते कळावे म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या रोग्यांना ते देतो, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी देतो. तुमच्या माणसाला कोणती मिळाली हे आम्हांलाही शेवटपर्यंत कळणार नाही. औषधाने चक्कर येऊ शकते, मळमळू शकते, दुसरेही काही होऊ शकते. तसे झाले तर उपचार आम्ही करू. तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार तेवढेच मिळतील. हो म्हणून उद्या नाही म्हणालात तरी चालेल."

आईने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "रिकामी गोळी कळून-सवरून द्यायची?" मी तिला नाण्याची गोष्ट सांगितली, वैदूची सांगितली, ए. एल. एस.ची सांगितली. तेवढ्याला पाऊण तास लागला. रुग्णालयात एवढा वेळ कुणालाच नसतो. ही गोष्ट लोकांना आधीच, धडधाकट असताना, सांगून ठेवण्याची काही सोय आहे काय, हे मी आमच्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात विचारणार आहे.